अडकलेला हात

रंगाऱ्याचा उजवा हात छातीसमोर उचलला गेला, मनगट अर्धवट वळलं, आणि तेवढ्यात चित्र अडकलं. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. पडद्याच्या मधोमध ते बारीक चाक गरगरायला लागलं. आवाज मात्र येत होता. चित्र गेलं तरी आवाज कुठूनतरी झिरपत राहायचा, हा या घरातल्या वायफायचा खास छळ. पलीकडे डॉक्टरांनी खुर्ची सरकवली, कुणीतरी कागद उलटला, लांब एक चाकांची गाडी खडखडत गेली. ती त्या थिजलेल्या हाताकडे बघत राहिली. बोटांची टोकं फिसकटून एकाची तीन-तीन झाली होती. रंगाऱ्याचे डोळे नेमके मिटायच्या बेतात अडकले होते, त्यामुळे तो झोपेत काहीतरी मागतोय असं वाटत होतं.

ती खुणांच्या भाषेची दुभाषी होती. इस्पितळात, बँकेत, एखाद्या कचेरीत बहिरं माणूस आलं की तिथले लोक त्याच्यासमोर टॅबलेट उभा करत, आणि घरातल्या मागच्या खोलीत राखाडी पडदा पाठीशी लावून बसलेली ती त्यात उगवत असे. बोलणाऱ्याचं बोलणं हातांनी सांगायचं, हातांचं बोलणं तोंडानं सांगायचं. स्वतःचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. रंगाऱ्यानं 'मला दुखतंय' अशी खूण केली तर तिनंही 'मला दुखतंय' असंच म्हणायचं. 'त्यांना दुखतंय' म्हणायचं नाही. बावीस वर्षं ती असं दुसऱ्यांचं 'मी' होत आली होती. मघाशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "सांधा पार झिजलाय. आम्ही तो कायमचा जखडून टाकणार. दुखणं जाईल, पण मनगट परत वळणार नाही. चालेल?" हे तिनं हातांनी नीट, न घाई करता सांगितलं होतं. त्याचं उत्तर त्या हातात होतं, आणि हात हवेत लटकला होता.

चार सेकंद गेले असतील. फार तर सहा. चित्र एकदम उसळी मारून परत आलं तेव्हा रंगाऱ्याचे दोन्ही हात मांडीवर होते आणि तो डॉक्टरांकडे बघून मान हलवत होता.

"काय म्हणाले?" डॉक्टरांनी विचारलं.

त्याच सकाळी, त्याच बोलण्यात, तिनं दोनदा सांगितलं होतं की चित्र गेलं, कृपया पुन्हा विचारा. दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, "बाई, माझ्या दाराबाहेर बावीस माणसं बसलीयेत." शिवाय आदल्याच दिवशी तिला काम देणाऱ्या संस्थेच्या सुपरवायझरबाईंचं पत्र आलं होतं, की या महिन्यात तुमची जोडणी सात वेळा तुटली, यापुढे असंच चाललं तर तुम्हाला व्हिडिओच्या कामावरून काढून लेखी कामावर घ्यावं लागेल. तिनं श्वास घेतला आणि रंगाऱ्याच्या आवाजात, म्हणजे त्याच्यासाठी तिनं ठरवलेल्या जराशा जाड, सावकाश आवाजात, म्हणाली, "हो. चालेल मला."

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "शुक्रवारी घेऊन टाकू."

बोलणं संपलं तशी ती उठली आणि पुढच्या दाराशी गेली. चपलांच्या कपाटावर राउटर बसला होता. एक दिवा हिरवा, एक नारिंगी, आणि तिसरा जळू की नको अशा विचारात पडलेला. तिनं मागची पिन उपटली, तीस अंक मोजले, परत खोचली. हे करायला तिला नवऱ्यानं शिकवलं होतं. नवरा विमा कंपनीत कामाला होता आणि घरातल्या कुठल्याही बिघाडावर त्याचा हाच उतारा होता. "आपला राउटर म्हणजे आमच्या साहेबांसारखा आहे," तो म्हणायचा, "अधूनमधून बंद करून परत चालू केला की माणसात येतो." आज तिला हसू आलं नाही. मोजताना ती पंचवीसवर अडकली, कारण तो हात परत डोळ्यांसमोर आला. छातीसमोर उचललेला तळवा, किंचित बाहेर वळू पाहणारं मनगट. तसा हात उचलून 'नको' सुरू होतं. तसाच उचलून 'थांबा' सुरू होतं. 'काम' तसंच सुरू होतं आणि 'कसं' हेही. 'हो' तसं सुरू होत नाही. 'हो' कुठल्याच बहिऱ्या माणसाच्या हातावर तसं सुरू झालेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

आणि मान हलवण्याचं म्हणाल तर ते तिला कुणी सांगायला नको होतं. तिचे वडील जन्मभर मान हलवत आले होते. किराणावाला बोलला, हलवली. घरमालक तावातावानं काही म्हणाला, हलवली. पोस्टमननं जिन्यात उभं राहून पाच मिनिटं कसलीतरी कैफियत ऐकवली, तिलाही हलवली. 'तुमचं तोंड चालू आहे हे मला दिसतंय' एवढाच त्या मान हलवण्याचा अर्थ. मग घरी आल्यावर ते मिशीला पीळ देत तिला विचारायचे, तो काय म्हणत होता? आणि सात-आठ वर्षांची ती, फ्रॉकला हात पुसून, सगळं सांगायची. आईही बहिरी, वडीलही बहिरे; घरातली ऐकू येणारी ती एकटी. आठव्या वर्षी तिला भाडेकरार म्हणजे काय ते माहीत होतं, दहाव्या वर्षी रक्तातली साखर. शेजारच्या बायका तिच्याकडे बघून हळहळायच्या, पण तिला मात्र आपण फार मोठं कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. दोन मोठी माणसं तिच्या तोंडाकडे बघत थांबलेली असत, आणि ती बोलल्याशिवाय पुढचं काहीच घडत नसे. ती भावना अजून कुठेतरी शिल्लक असणार. डॉक्टरांनी 'काय म्हणाले?' असं विचारल्यावर क्षणभर सगळं इस्पितळ तिच्यापाशी थांबलं होतं, आणि तिला ते थांबलेलं ठेववलं नाही.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा तिनं जाहीर केलं, "मला नवा राउटर पाहिजे. उद्याच्या उद्या."

"दोन वर्षं मी तेच म्हणतोय. आता कुठे तुला तहान लागली, आता खण विहीर." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, "काय झालं? परत पत्र आलं?"

"नाही. एकाचं उत्तर गेलं. चित्र अडकलं होतं. मी अंदाजानं सांगितलं."

"बरोबर असेल. तुझा अंदाज कधी चुकतो?"

"नसेल बरोबर."

"कुणी तक्रार केलीय?" त्यानं विचारलं. "नाही ना? मग उगीच स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस? राउटर बदल, विषय संपव."

त्याचं म्हणणं सोपं होतं, आणि तिला ते सोपंच हवं होतं. सगळा दोष त्या चपलांवरच्या पांढऱ्या डब्याचा. तो गेला की तो हातही जाईल, असं तिनं अंथरुणावर पडल्या पडल्या मनाशी जवळजवळ पक्कं केलं.

बुधवारी सकाळी वायफायवाला आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, शिडी काखेत मारून जिने चढल्यामुळे धापा टाकणारा माणूस. आल्या आल्या त्यानं राउटर उचलून उलटा केला, पाठीवरचा कागद वाचला आणि जिभेनं चक् केलं. "ताई, हे नऊ वर्षांचे आहेत. राउटरचं वय कुत्र्याच्या वयासारखं मोजायचं. हे आजोबा झाले." मग दाराकडे आणि कपाटाकडे बघून म्हणाला, "आणि बसवलंय कुठे, तर उंबरठ्यावर! नेट घराला देताय की जिन्याला?" तो मोबाइल हातात धरून, नाडी बघत असल्यासारखा, सगळं घर फिरला. पुढच्या खोलीत समाधानानं हं म्हणाला. न्हाणीघराच्या भिंतीपाशी त्याचं तोंड उतरलं. तिच्या आईच्या खोलीत पत्र्याचं मोठं कपाट होतं. त्याला त्यानं बोटानं टकटक केलं. "आधी फरशांची भिंत, मग हा पत्रा, आणि त्याच्या पलीकडे तुमची कामाची खोली. बिचारं तिथवर पोचतं हेच नवल." पलंगावर बसलेली आई त्याच्याकडे बघून हसली. त्यानंही हसून मान हलवली.

दीड तासात त्यानं सगळं केलं. नवा राउटर घराच्या मधल्या बोळात, भिंतीवर उंच लावला. तिथून एक वायर भिंतीच्या कडेकडेनं मागच्या खोलीत आणून थेट तिच्या कॉम्प्युटरला जोडली. "पोटाचा धंदा हवेवर ठेवू नका, ताई. वायरसारखं इमानी काही नाही." मग नवं नाव, नवा पासवर्ड, घरातली सगळी यंत्रं एकेक करून आत घेतली. शेवटी जुन्या राउटरचा हिशेब त्यानं मोबाइलवर उघडून दाखवला. कोण किती खातं, अशी यादी होती. "गंमत बघा. तुमचा कॉम्प्युटर एक नंबरला असेल असं मला वाटलं होतं. तो दुसरा आहे. हा टॅबलेट पहिला. रोज सकाळी दहा ते एक, घेतोय पण आणि पाठवतोय पण. व्हिडिओ कॉल असणार. या आजोबांना दोन-दोन कॉल एका वेळी झेपणार कसे?"

टॅबलेट आईचा होता.

वायफायवाला गेल्यावर तिनं कामाच्या संस्थेची चाचणी जोडणी लावली. पडद्यावर एक अनोळखी बाई स्वच्छ, ठसठशीत उगवली आणि बोटांवर एक ते दहा मोजून दाखवू लागली. नखांवरची चंद्रकोरसुद्धा दिसत होती. एकही अंक अडखळला नाही. ती बघत राहिली आणि तिच्या लक्षात आलं की कालचा हात जरासुद्धा हलला नव्हता. उलट या स्वच्छ चित्राशेजारी तो जास्तच स्पष्ट दिसत होता. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, तिच्या मनात आलं, आणि त्याबरोबर आईचा राग आला. हा राग बरा होता, त्याला धरायला मूठ होती. रोज दहा ते एक. अकरा वीस त्यातच येतात.

आईच्या खोलीत टॅबलेट उशीला टेकवून उभा होता आणि त्यात आईची मैत्रीण दिसत होती. बहिऱ्यांच्या शाळेत दोघी एका बाकावर होत्या. ती पुढे शिवणकाम करायची, म्हणून घरात तिला सगळे शिवणवाली म्हणत. शिवणवाली मान खाली घालून मटार सोलत होती. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. आईनं एक उशीचा अभ्रा झटकला, शिवणवालीनं एक शेंग टाकून दिली. मध्येच एकीनं वर बघितलं, दुसरी आहे याची खात्री करून घेतली, परत मान खाली. एवढ्यासाठी नऊ वर्षांच्या आजोबांच्या छातीवर ओझं पडत होतं.

तिनं आईसमोर हात हलवून लक्ष वेधलं. "सकाळी हे बंद ठेवत जा. तुझ्या कॉलमुळे माझं चित्र अडकतं."

आईनं घडी खाली ठेवली. "आज नवा बसवला ना?"

"हो."

"आता अडकतं?"

"आता नाही."

"मग?" आईचे हात म्हणाले. आईनं शिवणवालीला थांब म्हणून खूण केली, टॅबलेट पालथा घातला आणि तिला पलंगावर बसायला जागा करून दिली. "कालपासून तुझं तोंड असं आहे. वायफायसाठी कुणाचं तोंड असं होत नाही."

कामातलं घरी बोलायचं नाही असा नियम होता. तिनं कुणाचा धंदा सांगितला नाही, इस्पितळ सांगितलं नाही. एक माणूस, एक मनगट, अडकलेलं चित्र, एवढंच सांगितलं. आईनं विचारलं, "कुठला हात?" उजवा, ती म्हणाली. तेव्हा आईनं डाव्या हातानं आपलं उजवं मनगट गच्च धरलं, काठीसारखं ताठ केलं, आणि तसंच बोलून बघायला लागली. 'पाणी' कसंबसं झालं. 'उद्या' झालं, पण ते 'परवा'सारखं दिसलं. मग तिनं लेकीचं नाव घेऊन बघितलं. त्या घरात तिचं नाव म्हणजे हनुवटीपाशी बोटं आणून मनगटाची एक हलकी गिरकी, लहानपणी ती हनुवटी फार उडवायची म्हणून पडलेलं. गिरकी आली नाही. बोटं हनुवटीवर आपटून राहिली. शेवटी आईनं 'नको' म्हणून बघितलं. तेही जमलं नाही. मनगट सोडून आईनं ते चोळलं. तिचंही हल्ली थंडीत दुखायचं.

"तू परत नाही विचारलंस?"

"सगळ्यांना घाई होती."

तिची समजूत घालावी म्हणून, अगदी मायेनं, आईनं सांगितलं, "उद्या विचार. होतं असं. तू चुकणारी नाहीस. एवढीशी होतीस तेव्हासुद्धा तू आम्हाला कधी चुकीचं सांगितलं नाहीस. मी शिवणवालीला नेहमी सांगते, माझी मुलगी म्हणजे माझे कान."

आई रागावली असती तर तिला निभावून नेता आलं असतं. हे तिच्यानं निभेना. छत्तीस वर्षं तिनं तो दिवस एखाद्या जड पेटीसारखा पलंगाखाली सारून ठेवला होता. अकरा वर्षांची होती ती. इस्पितळाच्या लांब वऱ्हांड्यात चष्मेवाले डॉक्टर गुडघे वाकवून तिच्या उंचीला आले होते. त्यांच्या शर्टाच्या खिशावर शाईचा डाग होता. "बाळ, आईला सांग, बाबांचं यकृत आता काम करत नाहीये. आठ-दहा दिवस आहेत. कळलं? आठ-दहा दिवस." आई समोर उभी होती, नजर तिच्या हातांवर. वऱ्हांड्यात सगळं थांबलं होतं. तिनं 'आठ-दहा दिवस' सांगितलं. तिथवर हात बरोबर गेले. पुढे काहीतरी सांगायला हवं होतं, कारण आईच्या भुवया वर झाल्या होत्या, 'मग?' आणि तिचे हात म्हणाले, 'बरे होतील.' तिनं ठरवून केलं नव्हतं. म्हणजे ठरवूनही केलं असेल. आता सांगता येत नाही. आईचा चेहरा एकदम सैल झाला आणि तिनं डॉक्टरांना हात जोडले. डॉक्टर जरा चमकले, मग म्हणाले, "धीराची बाई आहे."

आणि हे सगळं आता तिचे हात आईला सांगत होते. सावकाश, काही न गाळता, जसं ती परक्यांचं सांगत असे तसं. शाईचा डाग सांगितला. डॉक्टरांचे शब्द सांगितले. आपण काय सांगितलं तेही सांगितलं. आई मध्ये एकदाही हलली नाही. सगळं संपल्यावर तिचे हात मांडीवर तसेच उताणे पडून होते. कितीतरी वेळानं ते उचलले गेले.

"मी कामावर जात होते," आई म्हणाली. वह्या बांधायच्या कारखान्यात ती तेव्हा होती. "बरे होणार म्हणून रजा राखून ठेवली. घरी आल्यावर लागेल म्हणून. नऊ दिवस मी कामावर गेले. सकाळी जायचे, संध्याकाळी त्याला बघायला यायचे. नवव्या दिवशी दुपारी तो गेला. एकटा. कुणी काय विचारलं असेल, त्यानं मान हलवली असेल."

"मी अकरा वर्षांची होते, आई."

"तेव्हा अकरा वर्षांची होतीस," आई म्हणाली. "वीस वर्षांची झालीस तेव्हा? तीस?"

तिनं हात उचलले. पण आईनं डोळे मिटून घेतले होते. ऐकू येणारं माणूस पाठ फिरवतं, दार आपटतं, तरी त्याच्या कानावर आपलं म्हणणं घालता येतं. बहिऱ्या माणसानं डोळे मिटले की संपलं. ती आईसमोर बसून राहिली. एकदा तिच्या गुडघ्याला हात लावला. आईनं गुडघा हळूच बाजूला घेतला, डोळे उघडले नाहीत. उशीवर पालथा घातलेला टॅबलेट थरथरला. पलीकडून शिवणवाली 'आहेस ना?' म्हणून विचारत असणार.

संध्याकाळी नवरा बोळात उभा राहून मोबाइलवर वेग मोजत होता. "एकशे ऐंशी! न्हाणीघरात एकशे चाळीस! आता आंघोळ करताना मीटिंग." मग दोन बंद दारांकडे बघून त्यानं आवाज खाली आणला. "आई जेवल्या नाहीत. तूही नाहीस. मला कुणी काही सांगणार आहे का?" तिनं सांगितलं नाही. सांगायला तोंड लागलं असतं आणि तोंडानं ती गोष्ट तिनं कधीच बोलून बघितली नव्हती. अंथरुणात पडून ती त्या रंगाऱ्याचा विचार करत राहिली. आईला सांगून हलकं वाटेल असं कुठेतरी वाटलं होतं, तसं काही झालं नव्हतं. उलट आतापर्यंत जे एकटीचं होतं ते आता भिंतीपलीकडे आणखी एका माणसाच्या उशाशी जाऊन बसलं होतं. मग सांगण्याचा उपयोग काय? पण आई म्हणाली होती, नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत आई दुसरं काहीतरी करू शकली असती, ते दिवस आईचे होते. रंगाऱ्याचे दोन उरले होते. त्यातला एक उजाडत होता.

गुरुवारी सकाळी नऊला तिनं सुपरवायझरबाईंना फोन लावला.

"मंगळवारचा अकराचा कॉल. रुग्णाचं उत्तर मला दिसलं नव्हतं. मी अंदाजानं 'हो' सांगितलं. उद्या त्यांचं ऑपरेशन आहे. आज त्यांना पुन्हा विचारायला हवं."

पलीकडून बाईंनी विचारलं, "तक्रार आलीय का कुणाची?"

"नाही."

"तुमची जोडणी तर आता उत्तम दिसतेय. कालपासून सगळे आकडे हिरवे आहेत. मी ते पत्र मागे घेणार होते." बाई वाईट नव्हत्या, त्यांच्या आवाजात खरंच वाट करून देण्याची धडपड होती. "मॅडम, हे मी एकदा लिहून घेतलं की ते तुमच्या कागदावर राहणार. चौकशी होणार. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. लिहून घ्या."

"आणि दुसरं कुणी देऊ म्हटलं तर चारपर्यंत कुणी मोकळं नाही. डॉक्टर तीनला पाच मिनिटं देतील. तुम्हालाच बसावं लागेल."

तीन वाजता ती राखाडी पडद्यासमोर बसली. आई सकाळपासून खोलीबाहेर आली नव्हती. दाराशी ठेवलेला चहा गार होऊन तसाच होता. पडदा उजळला. रंगारी त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर होता, पण इतका स्पष्ट, की त्याच्या नखांच्या कडांना अडकलेला निळा रंग दिसत होता. मंगळवारी तो रंग तिला दिसलाच नव्हता. त्याचं वय तिनं धरलं होतं त्याहून कमी होतं. डॉक्टर उभेच होते. "तुमच्या बाजूनं काहीतरी घोटाळा झालाय म्हणे. सांगा त्यांना."

नियमाप्रमाणे तिला स्वतःचं बोलायचं असलं तर आधी तसं दोघांना सांगावं लागे. तिनं तोंडानं आणि हातांनी दोन्ही सांगितलं: आता बोलणारी मी, दुभाषी. मग रंगाऱ्याकडे बघून तिनं सांगितलं, की परवा डॉक्टरांनी मनगटाचं विचारलं तेव्हा तुमचं चित्र अडकलं होतं. तुमचं उत्तर मला दिसलं नाही. तरीही मी तुमच्या नावानं हो सांगितलं.

रंगाऱ्याचे हात भराभर चालू लागले आणि ती त्यांच्यामागून बोलू लागली, त्याच जाड, सावकाश आवाजात, पण तो आवाज आता सावकाश राहीना. "मी विचारत होतो, मनगट वळणार नाही तर मी बोलणार कसा? मी तेच विचारलं. मग डॉक्टर हसले, कागद पुढे केला, मला वाटलं काही मार्ग असेल. म्हणून पुन्हा मान हलवली. दोन दिवस मी बायकोशी एका हातानं बोलून बघतोय. ती रडते. मला हे ऑपरेशन नको. दुखलं तर दुखू दे."

डॉक्टर खाली बसले. परवापासून पहिल्यांदाच ते टॅबलेटकडे न बघता रंगाऱ्याकडे बघत होते. "दुसरे उपाय आहेत," ते हळू म्हणाले. "पूर्ण न जखडता करता येतं. दुखणं सगळं नाही जाणार, थोडं राहील. पण हात वळेल. माझ्या हे आधी लक्षात यायला हवं होतं. आपण नीट बोलू."

तिनं ते हातांनी सांगितलं. रंगाऱ्यानं ते शेवटपर्यंत बघून घेतलं. मग त्यानं बोट उचलून पडद्याकडे, तिच्याकडे, रोखलं आणि थोडक्यात काही म्हटलं. चित्र काचेसारखं स्वच्छ होतं. एकही खूण सुटण्यासारखी नव्हती. त्या माणसानं जितक्या शांतपणे म्हटलं होतं तितक्याच शांतपणे तिनं ते म्हटलं, कमी नाही की जास्त नाही.

"मला बोलायचंय. पण ही दुभाषी मला नको. दुसरी द्या."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. हे आपल्याला कोण सांगतंय ते त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं, तसे ते खाकरले. "ठीक आहे. चारला दुसऱ्या आहेत ना? मी तोवर बाहेरची माणसं बघतो." ते उठून गेले. दार लागलं.

बदली येईपर्यंत दुभाषीनं जागा सोडायची नाही, आणि रुग्णाशी खासगी बोलायचं नाही, असे दोन नियम होते. ती बसून राहिली. तोही बसून होता. पंचेचाळीस मिनिटं दोघं एकमेकांसमोर होते आणि मध्ये चाकही फिरलं नाही. तिनं मान खाली घातली नाही. एवढं तरी आपण त्याला देणं लागतो असं तिला वाटलं. एकदा त्यानं उजवं मनगट डाव्या हातात घेऊन दाबलं, दुखलं तसे त्याचे ओठ आवळले गेले. मग त्यानं तिच्या हातांकडे बघितलं. ते टेबलावर एकावर एक ठेवलेले होते, तिच्या आईचे असतात तसे.

"हात शिकून आलेले नाहीत तुझे," तो म्हणाला. "घरचे आहेत. कोण बहिरं?"

तिनं दाराकडे बघितलं, मग उत्तर दिलं. "आई. वडीलही होते."

पडद्याच्या कोपऱ्यात दुसऱ्या दुभाषीचं नाव उमटलं; ती आत यायला एवढ्यात तयार होती. तेव्हा रंगाऱ्यानं दुखरा हात उचलला आणि तो पुरता वळवून, एकेक खूण सुटी करत, म्हटलं, "मग तुला तर कळायला हवं होतं."

तिच्या ओठांनी सवयीनं ते वाक्य तोंडानं म्हणायला सुरुवात केली. पण खोलीत डॉक्टर नव्हते, दुसरं कुणीच नव्हतं. ते वाक्य कुणाला सांगायचं नव्हतं, ते तिच्यापाशीच राहणार होतं. तिनं मान हलवली नाही. हात उचलले आणि म्हणाली, "हो."